अपोंडीची अट

ओबिएरोच्या खालच्या हिरडीला पुढचे सहा दात नव्हते, आणि त्याचा त्याला कोण अभिमान. मिसरूड फुटायच्या आत, आजोबांच्या अंगणात, डोळ्यांतून टिपूस न काढता त्याने ते काढून दिले होते. आम्हा लुओ जमातीत माणसाचं पुरुषपण तोंडात दिसलं पाहिजे, असं त्याच्या वेळेपर्यंत मानत. त्या फटीतून तो झकास शीळ घालायचा, आणि शीळ घालतच सरोवराच्या काठावर होड्या बांधायचा. उसेंगेच्या आसपास पाण्यात उतरणाऱ्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या. माणूस असा, की रागावला तरी कुणाला खरं वाटायचं नाही.

बायको फार पूर्वी बाळंतपणात गेली, आणि तो एकटाच राहिला. मग त्याचा चुलतभाऊ ओल्वेनी आजारी पडून वारला, तेव्हा काठावर मासे तळून विकणारी अपोंडी विधवा झाली. तिच्या घराचं छत त्याच वर्षी गळायला लागलं. पण आमच्याकडची रीत मोठी हट्टी. नवऱ्याच्या भावकीतल्या कुणी विधवेचा हात धरल्याशिवाय तिच्या छताला खिळादेखील ठोकायचा नाही. त्याने कोट काढून तिच्या घरात खुंटीला टांगायचा, तिथे रात्र काढायची, मग घर दुरुस्त करायला मोकळा. भावकीने दोघांना पाठवलं. अपोंडीने दोघांना दारातूनच परतवून लावलं, कारण काही सांगितलं नाही. पाऊस आला की ती पलंग सरकवायची आणि बादली ठेवायची.

ओबिएरो रोज तिच्याकडे चहा प्यायला जायचा. वर बघायचा, हळहळायचा. हातात हातोडा असून छत गळताना बघत बसणं त्याला सोसवत नसे. आणि खरं सांगायचं तर नुसत्या छतासाठी तो जात नव्हता. अपोंडी हसली की त्याचा दिवस चांगला जायचा.

शेवटी भावकीतले म्हातारे राबुरू म्हणाले, "आता तूच जा."

तो कोट घालून गेला. भर उन्हात, इस्त्री केलेला कोट. अपोंडीने कढईतला मासा उलटला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"भावजी, माझी एक अट आहे."

"बोला वहिनी."

"शाळेच्या मैदानात सुंतेचा तंबू लागलाय. तिथे जाऊन या. मग कोटाचं बघू."

ओबिएरो चक्रावला. सुंता शेजारच्या लोकांची. आपण लुओ, आपण दात देतो.

"वहिनी, मी सहा दात दिलेत."

"मग? दात काय तिथे होते?"

मासे घ्यायला आलेल्या बायका इतक्या हसल्या, की एकीची टोपली कलंडली. ओबिएरो कोटासकट परत आला.

त्याचा जिवलग म्हणजे सायकली दुरुस्त करणारा माकोखा. तो शेजारच्या लुह्या जमातीतला, त्याच्याकडे सुंता वयात येताना वाजतगाजत होते. गेली वीस वर्षं तो ओबिएरोला 'पोऱ्या' म्हणत आला होता.

"पन्नाशी उलटली आणि आता पोऱ्या मोठा होणार," माकोखा म्हणाला. "चल, मी सोबत येतो. रडलास तर गावाला सांगणार नाही. फक्त बायकोला सांगेन."

"तुझ्या बायकोला सांगणं म्हणजे रेडिओवर देणं."

गेले दोघं. तंबूत आधी ओबिएरोचं रक्त तपासलं. एचआयव्ही नव्हता. मग तिथल्या तरुण डॉक्टरने समोर बसवून समजावलं. सुंता केली की बाईकडून पुरुषाला हा आजार लागायचा धोका निम्म्याहूनही कमी होतो. आमच्याच भागात मोठा अभ्यास करून हे सिद्ध झालंय. पण धोका कमी होतो, संपत नाही, म्हणून कंडोम वापरायचाच. आणि सहा आठवडे बाईजवळ जायचं नाही. जखम भरायच्या आत गेलं तर धोका उलट वाढतो.

"म्हणजे छताची निम्म्याहून जास्त भोकं बुजली," ओबिएरो म्हणाला, "पण बादली ठेवायची."

डॉक्टर हसला. "असंच समजा काका."

"आणि बाईचं काय? पुरुषाने सुंता केली की तीही वाचते?"

"नाही. पुरुषाला आजार असला, तर सुंतेमुळे बाई वाचते असं काही दिसलेलं नाही. हे पुरुषाच्या बचावाचं काम आहे."

ओबिएरोने मान डोलावली आणि आत गेला. दुखलं नाही. दुखलं ते रात्री, सुईचा अंमल उतरल्यावर.

पुढचे दिवस काठावर जत्राच झाली. पँट घालवेना, म्हणून अपोंडीने आपली एक लेसो त्याच्याकडे पाठवून दिली. बायका कमरेला गुंडाळतात ती, पिवळी, वर मोठाले आंबे छापलेली. ती नेसून ओबिएरो पाय फाकवत काठावर यायचा आणि उलट्या बादलीवर बसून पोरांकडून फळ्या ठोकून घ्यायचा. कोळी होडीतूनच ओरडून विचारायचे, "वहिनी, आंबे काय भाव?" तो शीळ घालून उत्तर द्यायचा. दोन-तीन कोळी मात्र संध्याकाळी हळूच येऊन, इकडेतिकडे बघून, खरं किती दुखतं ते विचारून जायचे. आठवडाभरात तेही लेसोत दिसले.

पण बसून बसून माणसाच्या डोक्यात नको ते येतं. डॉक्टरचं बोलणं ओबिएरोला टोचायला लागलं. सुंतेने बाई वाचत नाही, तर अपोंडीने ही अट घातली कशाला? तिला यात काय मिळणार? एकच उत्तर सुचलं. तिला आपण नको आहोत. पन्नाशीचा लुओ गडी तंबूत जाणारच नाही, असं धरून तिने टाळलं असणार. आपण मूर्खासारखे जाऊन आलो.

त्या दुपारी तो तडक तिच्या घरी गेला. भेटीला जाताना कोट हवाच, म्हणून अंगात कोट आणि खाली आंब्यांची लेसो. पाऊस नुकताच येऊन गेला होता, बादलीत छत ठिबकत होतं.

"वहिनी, तुम्हाला मी नको असेन तर सरळ सांगा. मी रागावणार नाही. पण माझ्या जखमेची शपथ आहे, खरं सांगा."

अपोंडी हसली नाही. ती उठली, साखरेचा डबा काढला आणि त्याच्यापुढे उघडून ठेवला. त्यात साखर नव्हती, दवाखान्याच्या गोळ्या होत्या.

"ओल्वेनी एचआयव्हीनेच गेला," ती म्हणाली. "मलाही आहे. रोज गोळी घेते, तब्येत बरी आहे. त्या दोघांना दारातूनच घालवलं, कारण त्यांना हे द्यायचं नव्हतं, आणि त्यांना सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. तुम्हालाही घालवणार होते. घालवायला जीव होईना. म्हटलं, जेवढं वाचवता येईल तेवढं आधी वाचवू, मग सांगू. आता सांगितलं. जायचं तर जा भावजी. चहा रोज मिळेल."

ओबिएरोने डब्यातल्या गोळ्यांकडे पाहिलं. भीती वाटली त्याला, नाही कशी वाटणार? ओल्वेनीला उचलून दवाखान्यात नेणारा तोच होता. पण आजवर कुणी आपल्या जिवाची एवढी काळजी केली नव्हती, तीही मूठभर गोळ्यांवर स्वतःचा जीव सांभाळत.

तो उठला. कोट काढला आणि खुंटीला टांगला.

"अहो, अजून सहा आठवडे झाले नाहीत," अपोंडी म्हणाली.

"कोटाची जखम भरलीय," तो म्हणाला आणि बंडी व आंब्यांची लेसो अशा थाटात सगळ्या काठावरून घरी चालत गेला. कोट कुठे राहिला ते बायकांनी ओळखलं, आणि पार पाण्यापर्यंत त्यांच्या किलकाऱ्या ऐकू गेल्या.

दुसऱ्या दिवशी राबुरू काठी टेकत आले. खुंटीवरचा कोट त्यांनी हात लावून पाहिला.

"कोट आहे, पण रात्र? आणि एक सांगतो पोरी, मध्ये रबर आलं तर रीत लागत नाही."

"बाबा," अपोंडी म्हणाली, "तुम्ही बघायला येणार आहात का?"

राबुरू खोकले, चहा मागितला, आणि चहा संपल्यावर छत लवकर करून घ्या म्हणाले.

जखम भरली, रीतीची रात्रही झाली, मग ओबिएरोने एका दिवसात ते छत केलं. वर तो, खालून पत्रे देणारा माकोखा, आणि मध्ये दोघांची भांडणं. "सरळ धर रे." "तू मोठा झालास म्हणून शिकवू नकोस."

याला आता बरीच वर्षं झाली. ओबिएरो ठरल्या वेळी रक्त तपासायला जातो, आणि परत येताना त्याची शीळ वळणावरूनच ऐकू येते. ती ऐकली की अपोंडी चहा टाकते. आजवर एकदाही तो शीळ न घालता आलेला नाही. छत गळत नाही. बादली मात्र त्याने टाकू दिली नाही. ती पलंगाखाली असते, आणि तिच्यात कंडोमची पाकिटं असतात.