देवीची उजवी बाजू

देवीच्या कौलात लबाडी करायला गेले आणि तीसुद्धा मला धड जमली नाही. एवढा मूर्खपणा माझ्या नावावर आहे.

नात बारावी झाली तेव्हाची गोष्ट. माझ्याच कुशीत झोपून वाढलेली पोर. डॉक्टरकीचा प्रवेश थोडक्या मार्कांनी हुकला. मग ठरलं, आधी विज्ञानाची पदवी घ्यायची आणि ती करता करता डॉक्टरकीची परीक्षा पुन्हा द्यायची. नंबर दोन विद्यापीठांत लागला. एक पुण्यातलं. तिथून शनिवारी एसटीने आंबवड्याला घरी येता आलं असतं. दुसरं पार बंगळुरूकडं, पण तिथं शरीरशास्त्र पहिल्या वर्षापासून आणि आवारातच इस्पितळ. सोमवारपर्यंत एकीकडं होकार कळवायचा होता.

पोर म्हणायची, "तुमी म्हणाल तसं." माझा लेक म्हणायचा, "तिचं तिला ठरवू दे." मला ती जवळ हवी होती. पण तसं तोंडानं म्हटलं, तर म्हातारी पोरीच्या शिक्षणाला आडवी आली असं झालं असतं. म्हणून मी साळसूदपणे म्हणाले, "देवीला इचारू."

माझं माहेर वेल्ह्याकडं. तिथं गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि जी आधी गळेल तो देवीचा कौल. लहानपणापासून मी हे बघत आलेली. जड कळी आधी सुटते, हे कळायला देव लागत नाही. नातीला घेऊन मी माहेरी गेले. सकाळी तिथल्या परड्यातल्या तगरीच्या दोन कळ्या मी निवडून घेतल्या. एक टपोरी, देठासकट. दुसरी कोवळी, सुकत आलेली.

गाभाऱ्यात गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "उजवी दिलीस तर पुणं, डावी दिलीस तर लांबचं." मी टपोरी कळी उजव्या हातानं पुढं केली. "ही या अंगाला लावा." माहेरवाशिणीचा हट्ट म्हणून त्यानं लावली.

नात माझ्या शेजारी डोळे मिटून उभी. ओठ हलत होते. मी मात्र डोळे टक्क उघडे ठेवून कळीकडं बघत होते. टपोरी सुटली, टपकन पडली. मी हात जोडले, चेहऱ्यावर भक्तिभाव आणला.

"डावी दिली," गुरव म्हणाला. "पोर लांब जानार."

"अवो, डावी कुठं? ही उजवी न्हाई का?"

"आत्या, उजवं-डावं देवीचं धरायचं आसतंय. तुमचं न्हाई."

शाळेत कवायतीला 'दाहिने मूड' म्हटलं की मी डावीकडं वळून शेजारणीच्या नाकाला नाक लावायची. मास्तरांनी छड्या मारल्या, पण उपयोग झाला नाही. त्याच अकलेनं मी देवीला फसवायला निघाले होते. आता बोलणार काय? लबाडी केली म्हणून सांगायचं? कौल पुन्हा लावा म्हणायचं? नातीनं डोळे उघडले, पडलेल्या कळीकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच.

बंगळुरूची गाडी शिवऱ्याला हायवेवर थांबते. लेकानं बॅग चढवली. मी पोरीच्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दिली आणि म्हणाले, "सांडू नको." सांगायचं होतं ते वेगळंच. गाडी गेली तरी मी तिथंच उभी होते, शेवटी लेकानं दंड धरून फिरवलं. घरी आल्यावर रात्री सवयीनं दोन गोधड्या काढल्या. एक पुन्हा घडी करून ठेवली.

यंदा तिची पदवी झाली. डॉक्टरकीलाही नंबर लागला, तिकडंच. म्हणजे अजून कितीतरी वर्षं ती तिकडंच राहणार. जायच्या आदल्या दिवशी दोघी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मला राहवलं नाही. टपोरी कळी, माझा उजवा हात, सगळं सांगून टाकलं. वाटलं, पोट धरून हसेल.

ती हसली नाही. हातातली शेंग तशीच राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली:

"आज्जे, मी तवा डोळं मिटून देवीला पुणंच मागत हुते. तू नुसतं 'ऱ्हा' म्हणाली आसतीस तर मी ऱ्हायले आसते. बरं झालं, तुला डावं-उजवं कळत न्हाई."