लग्नघराचा खटका

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात माझ्या हातून एक माणूस मरता मरता राहिला. घरात चार माणसे जमली की मी हा किस्सा सांगतो. आत्याबाईंची नक्कल करतो, व्याह्यांचा घाम पुसून दाखवतो, पोरे हसून लोळतात. नक्कल संपेपर्यंत सगळे ठीक चालते. त्यापुढचे सांगताना मला पाणी लागते.

आम्ही तेव्हा पुलगावला राहत होतो. देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षे झाली असतील. वडील आदल्या वर्षी गेले होते आणि घरचा कर्ता म्हणून मी उरलो होतो. म्हणजे ज्याला आपल्या धोतराचा काष्टा धड सांभाळता येत नव्हता त्याच्याकडे लग्न आले. व्याही नागपूरचे. त्यांचे पत्र आले, त्यात शेवटी एक ओळ होती : 'जेवणाच्या वेळी पंखा असल्यास बरे, आम्हास उकाडा सोसत नाही.' असल्यास बरे म्हणजे नसल्यास रुसवा, एवढे मला कळत होते. पंखा एका ओळखीच्या कारकुनाकडून मागून आणला. पण वैशाखातली वीज मागून आणता येत नव्हती. वावटळ उठली की ती दोन-दोन दिवस बेपत्ता व्हायची.

म्हणून मी शक्कल काढली. दोन घरे सोडून पिठाची चक्की होती. चक्कीवाल्याकडे तेलाचे इंजिन होते आणि कुठल्याशा मोडीतून घेतलेला डायनामो होता. दळण नसेल तेव्हा पट्टा चक्कीवरून काढून डायनामोवर चढवायचा, तिथून दोन तारा भिंतीभिंतीने आमच्या घरात आणायच्या, की पंखा चालू. गल्लीत माझी मोठी वाहवा झाली. मी शाळेत गणित शिकवत असे, पण लोकांच्या मते जो मास्तर तो सगळ्यातलाच मास्तर.

तारा जोडणारा वायरमन मात्र खूश नव्हता. तो म्हणाला, "गुरुजी, याले दोन्हीकडचा खटका पाह्यजे. एक तर खांबाची लाइन घेईन, नाई तर डायनामोची. दोन्ही एका वक्ती नाई."

"मग लाव की."

"नागपूरहून आणा लागते. तुमचं लग्न परवा हाये." त्याने मला भिंतीवरच्या लोखंडी पेटीजवळ नेले आणि मेनचा दांडा खाली ओढून दाखवला. "मंग एवढं ध्यानात ठेवजा. आधी हा खाली, मंग इंजिन. हा वर राह्यला न् इंजिन चालू झालं, तर तुमच्या घरची वीज उलटी खांबावर चढते. तिथं कोणी असला तर मेला."

मी मान डोलावली. शाळेतली मुले डोलावतात तशी.

लग्नाच्या पहाटेच वावटळ झाली आणि लाइन गेली. मी गडबडलो नाही, उलट मनातून सुखावलो. व्याही येण्याआधी मेनचा दांडा खाली ओढला, चक्कीवर निरोप धाडला, इंजिन पुक् पुक् करू लागले आणि पंखा फिरला. देवक बसवलेल्या खोलीतला दिवाही लागला. सगळे अगदी वायरमनने सांगितले तसे झाले. इथेच थांबलो असतो तर सांगायला गोष्टच उरली नसती.

पंगत मांडायची म्हणून आत्याबाई बैठकीत आल्या. वडिलांची थोरली बहीण, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची नजर पेटीकडे गेली आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काऊन रे, हे कोणं केलं?"

"काय, आत्याबाई?"

"हा खटका खाली काऊन हाये? कोण गेलं आज आपल्या घरी? सांग ना!"

तेव्हा माझ्या ध्यानात आले. वडील गेले तेव्हा कोणीतरी मेन पाडला होता आणि तो तेरा दिवस तसाच होता. कोपऱ्यात समई तेवढी होती. घरात वीज वडिलांनीच आणली होती, आत्याबाईंनी स्वतः त्या पेटीला हळदकुंकू लावले होते. त्यांच्या लेखी तो दांडा खाली म्हणजे घरात सुतक.

"आत्याबाई, तो वायरमन म्हणाला की..."

"वायरमन नवरीचा मामा लागते का? माह्या भावाच्या वक्ताले हा असाच पडून होता. आज त्याच्या पोरीचं लगन हाये न् तू पुन्हा तसाच पाडून ठेवतं?"

मी समजावणारच होतो. करंट कुठून येतो, कुठे जातो, सगळे तोंडात तयार होते. पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दारात व्याही येऊन ठेपलेले. मी हात वर केला आणि दांडा वर सरकवला. पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला. दिवा होता तसाच होता. काहीच झाले नाही. विजेचा हाच वाईट स्वभाव आहे. चूक केल्याबरोबर ओरडत नाही.

व्याही पंख्यासमोर बसले, पहिले पान त्यांचे. मी हाताला लागलेले तूप धोतराला पुसत बाहेर आलो, तर समोरचा शिंपी मशीनवरून उठून हसत होता.

"गुरुजी, लाइन आली बरं का!"

त्याच्या मशीनवरचा दिवा लागला होता खरा. तांबूस, मरगळलेला. मला आनंद झाला. आता इंजिन बंद करता येईल, चक्कीवाल्याचे उपकार तेवढे कमी. मग पाहिले तर तो दिवा कमीजास्त होत होता. पुक् झाले की थोडा उजळे, मग मंदावे. पुन्हा पुक्, पुन्हा उजेड.

ती लाइन नव्हती. ते आमचे इंजिन होते.

मी खांबाकडे पाहिले. गल्लीच्या तोंडाशी खांबाला शिडी टेकलेली, खाली सायकल, आणि पहाटे तुटलेली तार जोडायला आलेला लाइनमन जवळजवळ वर पोचलेला.

मी ओरडलो. ज्या आवाजाने चाळीस पोरे गप्प बसत त्या आवाजात ओरडलो. पण मधे इंजिन होते आणि मांडवाशी बँडवाले होते. मी दोन्ही हात वर करून हलवले. लाइनमनने खाली पाहिले, ओळखीचे हसला आणि हात केला.

"येतो गुरुजी! एवढं जोडून येतो! जेवूनच जातो!"

लग्नघरापुढे हातवारे करणाऱ्या माणसाचा दुसरा अर्थ तरी कोण कसा लावणार? मी जोरजोराने 'नको, नको' केले. त्याला तो आग्रह वाटला. शिंप्याने तर माझ्या मदतीला धावून येत तोंडाशी हात धरून ओरडून सांगितले, "यावंच लागते बरं, सोडत नाई गुरुजी!"

मेन घरात होता, पण दारापासून भिंतीपर्यंत पंगत बसलेली. व्याह्यांचे पान ओलांडायचे? चक्की होती, पण मांडवाला वळसा घालून. मी तीन पावले घराकडे धावलो, तीन चक्कीकडे, आणि तीन खांबाकडे. गणिताच्या मास्तराने तिन्ही अंतरे मोजली आणि तोवर वेळ संपला. शेवटी शिडीपाशी पोचलो आणि ती धरून गदागदा हलवली.

"ओ गुरुजी! पाडता का मले?"

मी एका हाताने चक्कीकडे बोट दाखवत दुसऱ्याने शिडी हलवतच राहिलो. त्याने कमरेची साखळी सोडली, तिचे एक टोक खाली जमिनीत रोवलेल्या सळईला बांधलेले होते. तारेत चुकून वीज असलीच तर ती जमिनीत उतरावी, म्हणून दुसरे टोक त्याने बांबूने तारांवर टाकले. निळा उजेड झाला, फटाका फुटावा तसा आवाज आला. तिकडे इंजिनाने खोकल्यासारखे केले आणि पट्टा सुटल्याचा फडफडाट ऐकू आला. शिंप्याचा दिवा गेला. आमच्या बैठकीतून कोणीतरी म्हणाले, "अरे, पंखा!"

लाइनमन वरच थोडा वेळ बसून राहिला. मग उतरला. मला वाटले मारील. मारले असते तर बरे वाटले असते. त्याने बिडी काढली. तीन काड्या गेल्या, बिडी पेटली नाही. ती त्याने परत खिशात ठेवली.

"कोणाचं इंजिन?"

"माझं."

"मेन?"

"वर आहे. मीच केला."

"काऊन?"

याचे उत्तर माझ्याजवळ होते, पण रस्त्यात उभे राहून सांगण्याजोगे नव्हते. तो म्हणाला, "साखळी आज सायकलीलेच राह्यली होती, गुरुजी. अर्ध्या शिडीवरून आठवण आली म्हून वापस उतरलो. त्याले पाच मिनटं झाले असतीन."

तो माझ्याबरोबर घरात आला. चपला दाराशी काढल्या आणि पानापानांमधून पाय टाकत थेट पेटीपाशी गेला. व्याह्यांचा हातातला लाडू हातातच राहिला. त्याने दांडा खाली ओढला, पेटी उघडली, चिनीमातीचे दोन पांढरे फ्यूज उपटून काढले. आत्याबाई पुढे झाल्या, "अरे, लग्नाच्या..." म्हणाल्या, त्याने दारातून दिसणाऱ्या शिडीकडे बोट केले आणि त्या तिथेच थांबल्या.

बाहेर येऊन त्याने ते फ्यूज माझ्या हातात दिले. "हे धरा. मी उतरत नाई तोवर खांबाखाली उभे राह्यजा. कोणाले द्याचे नाई."

तो वर चढला. मी उन्हात उभा राहिलो. पोळत्या फुफाट्यात अनवाणी होतो हे नंतर कळले. आतून चुलतभाऊ आला : व्याही घामाने भिजलेत, नवरीचा भाऊ वाढायला नाही म्हणून हात आखडून बसलेत. मी म्हटले, येत नाही. तो गेला. मग मामा आले, रागावून गेले.

शेवटी आत्याबाई आल्या. "दे माह्यापाशी," त्या हळूच म्हणाल्या. "मी धरतो. तू जा, वाढ त्यायले."

त्यांना मी आयुष्यात कधी नाही म्हटले नव्हते. मी मान हलवली आणि मूठ छातीशी धरली. त्या काही बोलल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याही वर पाहू लागल्या. त्याने उघड्या हाताने तार धरली तेव्हा आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला. तार धरून तो पक्कड शोधत होता, बस्.

घटकाभराने तो उतरला आणि फ्यूज मागायला हात पुढे केला. माझी मूठ उघडेना. त्यानेच एकेक बोट सोडवून ते काढून घेतले.