आतल्या बाजूचं बटण
आईच्या माघारी तिचा शिवणाचा डबा आवरताना हाताला तो ऊरपट, छातीवर बांधायचा कापडी चौकोन, लागला आणि कळंबजवळच्या आमच्या पत्र्याच्या चर्चमधला उन्हाळ्यातला एक रविवार आठवला. आम्हा पोरांना दाखवायला आईनंच तांबड्या कापडावर बारा रंगीत बटणं लावून तो शिवला होता. पाळकसाहेबांनी तो छातीवर बांधला आणि म्हणाले, "इस्राएलाचा महायाजक, म्हणजे मोठा पुजारी, बारा वंशांची नावं अशी उरावर घेऊन देवापुढं जायचा. आता आपला याजक येशू. तो आपली नावं उरावर घेऊन उभा आहे." तेवढ्यात बायकांतून आई उठली. "साहेब, माझी लेक नाव ठेवायच्या आदीच गेली. तिला कसं नेणार त्यो?" वर पत्रा तडतडत होता. साहेबांनी ऊरपट सोडून आईच्या हातात दिला. "बाई, तिची जागा तुम्हीच करा." आईनं घरी येऊन आतल्या बाजूला, बांधणाऱ्याच्या छातीला टेकेल असं, एक पांढरं बटण शिवलं. साहेब पुढं कायम तोच बांधायचे; ते वारल्यावर तो आईकडं परत आला. काल ते बटण बोटाला लागलं, बहिणीला हाक मारावीशी वाटली, आणि मारायला नावच नव्हतं.