जित्या माणसाचं रडणं

शहाद्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लोक तंबाखू मळतात, मी इंटरनेट उकरतो. कुणी जगभरच्या दारांची करकर जमवलेली असते, कुणी रस्त्यात पडलेल्या एकेकट्या हातमोज्यांचे फोटो. कामाचं काही नाही. बायको म्हणते, भंगारवालाही याहून बरं सामान गोळा करतो. तिचं चुकत नाही.

असंच उकरताना ब्लूज हाती लागलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मजुरांचं जुनं गाणं. तबकडी इतकी घासलेली की मागे सतत फोडणी तडतडत असल्यासारखं वाटे. माझं इंग्रजी फॉर्मपुरतं, त्यामुळे शब्द कळेनात. पण एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीला गळा मोकळा सोडायचा, ही रीत ओळखीची वाटत होती. पुढे एकदा जेवताना एकदम आठवलं. अशी तर मोठी माय रडते.

मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. तिला मूलबाळ नाही. माझी आई सदा आजारी, म्हणून मी तिच्याच मांडीवर वाढलो. आमच्या तापीकाठच्या गावांत माणूस गेलं की बाया पदर तोंडावर ओढून गाऊन रडतात. गेलेल्याच्या सवयी, रुसवे, आवडीनिवडी, सगळं त्या रडण्यात येतं. प्रकाशा गावाच्या आसपास कुठेही मयत झाली की बाया मोठ्या मायची वाट बघत. ती रडली की गेलेलं माणूस दारात उभं राहिल्यासारखं वाटे. मात्र एका माणसाचं रडणं एकदाच. आणि कुणी गेलेलं नसताना तर कुणी तोंडही उघडत नाही.

मला ते रेकॉर्ड करून ब्लूजवाल्या परदेशी मंडळींच्या पानावर टाकायचं होतं. मी तिच्यामागे भुणभुण लावली.

"घरमा कोनी मरेल नही शे. कसाले रडू?" ती म्हणाली.

"तुन्ही माय गयी तव्हयनं म्हन."

"ते तिन्हासंगे गयं, बेटा. ते परत येत नही."

मी पाठ सोडली नाही. मला नाही म्हणणं तिला कधी जमलेलं नाही आणि ते मला पक्कं माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, घरात नको, शेतात चल. केळीच्या बागेशेजारी कडुलिंबाखाली ती बसली, पदर ओढला आणि बराच वेळ नुसती डुलत राहिली. मग आवाज लागला. मी मोबाइल जवळ धरला.

सुरुवातीला मी शब्दांकडे लक्षच दिलं नाही. मग ऐकू यायला लागलं. चहात साखर कमी पडली म्हणून रुसणारा. कानामागे बिडी खोचून दिवसभर ती शोधणारा. केळीच्या रोपांशी बोलणारा, पण बायकोशी चार शब्द नाही. हे तर माझे आप्पा, तिचा नवरा. ते त्या घडीला बागेच्या पलीकडच्या टोकाला ठिबकच्या नळ्या साफ करत होते. रडायला कुणीतरी लागतं, आणि तिला दुसरं होतं कोण? मी तिथेच थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि मला तो हवा होता.

शेवटचा तुकडा कापून बाकीचं मी त्या पानावर टाकलं. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकाने तर त्याखाली गिटार वाजवून परत पाठवलं. झेरॉक्सला येईल त्याला मी ते ऐकवत होतो.

थंडीत आप्पा गेले, झोपेतच. वय झालं होतं. गाण्याने माणूस मरतो यावर माझा विश्वास नाही आणि मोठ्या मायनेही तसा शब्द कधी काढला नाही. पण अंगणात बाया जमल्या, तिच्या पहिल्या सुराची वाट बघत बसल्या, आणि ती भिंतीला टेकून गप्प. शेवटी दुसऱ्या एका बाईने सुरुवात केली.

"जगना मयतमा रडस, नि सोताना धनीले एक सूर नही," माझ्या मागे दोघी कुजबुजल्या.

त्यांना द्यायचं उत्तर माझ्या खिशात होतं. ते काढायची मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिची बदनामी मी खाली मान घालून ऐकून घेतली.

दशक्रिया झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"त्यासनं गानं मी गाई टाकं ना, बेटा. आते येतच नही. ते मोबाइलमानं लाव."

मी लावलं. तिने पदर तोंडावर ओढला आणि दुसऱ्याच्या दारी बसल्यासारखी ऐकत राहिली. हळूहळू तिचे खांदे हलायला लागले. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून झालं. मोबाइलमधलं ते मूळ रेकॉर्डिंग आहे, न कापलेलं, हे मी विसरूनच गेलो होतो. तिचा शेवटचा हुंदका संपला आणि पाठोपाठ माझा आवाज आला, खुशीत आलेला:

"एकदम भारी, मोठी माय. परत एकदा म्हनशी?"

पदराआडचे खांदे थांबले.