खरवईकडचा बाजार

"बाय, तिकरं कोन येनार? कावलं?"

हिराबाईंनी भर सभेत एवढं विचारलं आणि शाळेचा हॉल हसत सुटला. मी नकाशासमोर पट्टी धरून उभी. मी नगररचनाकार, म्हणजे शहर वाढण्याआधी कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाजार हे कागदावर ठरवणारी. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बदलापूर तेव्हा धड गाव नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. बिल्डिंगा उठत होत्या आणि त्यांच्या पायाशी भाताची खाचरं होती.

हिराबाई जुन्या बदलापूर गावातल्या, सुकी मासळी विकायच्या. आठवड्याच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा. अडचण अशी की तो बाजार भर रस्त्यात भरायचा आणि त्याच रस्त्याखालून नव्या वस्तीसाठी पाण्याची मोठी लाइन जायची होती. पाइप येऊन पडले होते. आराखड्यात मी बाजारासाठी खरवई गावाच्या बाजूचं मैदान राखून ठेवलं होतं. याला आम्ही आरक्षण म्हणतो. नकाशात व्यापाराचा रंग निळा. माझा निळा चौकोन कागदावर फार देखणा दिसत होता. पण तिथे जायला कुणी तयार नव्हतं.

"पोलिस बोलावू," माझे बॉस दातेसाहेब म्हणाले. "पावसाआधी खोदकाम झालं नाही तर वर्ष गेलं. तिकडे बायका टँकरमागे धावतायत."

"सर, एका बाजाराची ट्रायल घेऊ द्या."

"फसली तर?"

"तर पोलिस."

मी हिराबाईंना गाठलं. त्यांनी अट घातली, कोपऱ्याची जागा त्यांना हवी. आणि वर, "दुपारपर्यंत गिऱ्हाईक नाय आला तर माजी सगली पाटी तू घेवाची!" मी हो म्हणून बसले.

उल्हासनगर कॅम्प एकमधून कटपीस विकायला येणारे लछूशेठ शेजारीच उभे होते. ते एकदम खूश. "साईं, ग्राहक अपने आप नहीं आता, बुलाना पडता है. भोंगा मेरा, रिक्षा मेरी!"

बाजाराच्या दिवशी सकाळी मी आणि आमचा सर्व्हेअर फक्कीने चौकोन आखून उभे राहिलो. हिराबाई कोपऱ्यात बसल्या. लछूशेठची कापडं दोरीवर फडफडत होती. बाकी मैदान रिकामं. एक बैल आला, फक्की हुंगून निघून गेला. अंबरनाथला माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चोरपावलांनी यायचा. तिथे आपण बोंबलांची पाटी घेऊन शिरतोय, असं चित्र मला दिसायला लागलं.

तेवढ्यात भोंगा ऐकू आला. "ब्लाउजपीस पे रुमाल फ्री! अगोटीची मासळी, खरवईचं मैदान!" पावसाळ्यासाठी घरात मासळी, मसाला, कांदे भरून ठेवायचे, ती अगोट. रिक्षामागे पोरं आली, पोरांमागे आया आल्या. बारवी धरणाकडच्या ठाकूर आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन आल्या आणि सरळ झाडाच्या सावलीत बसल्या. ती जागा मी सायकलींसाठी ठेवली होती. मी सायकलींसाठी दुसरा कोपरा आखला. मग नव्या बिल्डिंगांतल्या बायका आल्या. त्यांना तर हे मैदान जुन्या बाजारापेक्षा जवळ होतं! भाव सुरू झाले. भांडणं सुरू झाली.

"ए, तुजा पाय माज्या लायनीत!"

माझ्या लायनीवरून लोक भांडत होते! मला इतका आनंद झाला की मी एकटीच खदाखदा हसायला लागले. सर्व्हेअर घाबरून म्हणाला, "मॅडम, पाणी प्या." मी पाण्याऐवजी द्रोणभर करवंदं खाल्ली आणि त्यालाही एक द्रोण घेऊन दिला. निळा चौकोन ओरडत होता, घासाघीस करत होता, त्याला बोंबलांचा वास येत होता.

मग दातेसाहेब आले. चेहरा गंभीर, बगलेत फाइल. हिराबाईंनी त्यांना ओळखलं नाही. "ओ दादा, जरा पाटीवर ध्यान ठेव. सुटं घेऊन आलीच," म्हणाल्या आणि गर्दीत गेल्या. मी पोचले तेव्हा साहेब उकिडवे बसून फाइलने माश्या हाकत होते. पुढे गिऱ्हाइकं ताटकळलेली.

"मॅडम, बोंबील वाट्यावर देतात की शेकड्यावर?"

"सर, तुम्ही शाकाहारी ना?"

"तो विषय नाही. या ताई खोळंबल्यात!"

हिराबाईंची पाटी दुपारच्या आत रिकामी झाली. पुढच्या आठवड्यात काही जण हट्टाने जुन्या रस्त्यावर बसले होते. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा थोड्याच वेळात तेही पाट्या डोक्यावर घेऊन मैदानाकडे पळत आले. रस्ता मोकळा झाला आणि पाऊस लागायच्या आत पाइप जमिनीत गेले. वस्तीतल्या नळांना पाणी आलं, त्या दिवशी एका आजींनी साहेबांना आणि मला घरात नेऊन त्याच पाण्याचं सरबत पाजलं. ते थोडं गढूळ होतं. साहेबांनी दुसरा ग्लास मागितला.

आराखड्याला मंजुरी मिळायला पुढे बरीच वर्षं लागली. ती आली तेव्हा मैदानातला बाजार जुना झाला होता. नोकरीत मी नंतर पुष्कळ गावांचे आराखडे केले. बाजार आधी भरतो आणि मंजुरी मागून येते. उलट झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.