फॉर्मची मागची बाजू

आमच्या अकोल्याच्या भागात इंदूताई सदस्य नोंदणीला निघाल्या की लोक दार लोटून घ्यायचे. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या दारात यायच्या आणि पिशवीतून पक्षाचा फॉर्म काढून पुढे धरायच्या. सही करायला कुणाची ना नसे. पंचाईत व्हायची ती पुढे. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात प्रतिज्ञा छापलेली होती: मी जातपात मानणार नाही, बाईमाणसाला कमी लेखणार नाही, धर्मावरून भेद करणार नाही. ती मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ताई हातात पेन देत नसत. बाकीचे कार्यकर्ते पानठेल्यावर बसून तासाभरात गठ्ठा उरकायचे, ताईंचे दिवसाला चार-पाच व्हायचे. त्यातला एखादा वाचता वाचता थांबे आणि म्हणे, ताई, हे काही आपल्याच्यानं होणार नाही. त्याच्यावर त्या कधी रागावल्या नाहीत. "खरं बोलला ना, बस," म्हणत आणि पुढच्या दाराला लागत.

माझे बाबा आमच्या शाखेचे अध्यक्ष होते. अठरा पूर्ण झाल्यावर मी थाटात सही करायला गेलो. अध्यक्षांच्या मुलाला कोण वाचायला लावणार? ताईंनी लावलं. मी पुटपुटत उरकायला लागलो तर म्हणाल्या, "असं नाई. तुया आवाज तुले ऐकू आला पाह्यजे." शेजारच्या दोघांदेखत मला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. मला तेव्हा चांगलाच राग आला होता.

वाटेल की बाई मोठ्या सुधारक असतील. अजिबात नाही. चतुर्थीचा उपास, सोवळ्यातला स्वयंपाक, सुनेच्या पंजाबी ड्रेसवर कुरकुर, सगळं होतं. पक्षाच्या कामात पहिल्यांदा एका मुसलमान सदस्याच्या घरी जेवायची वेळ आली, त्याची हकिकत त्या स्वतःच सांगायच्या. "घास तोंडात फिरून राहिला होता, बाप्पा. गिळता गिळंना. पण सही केली होती ना म्या." नंतर त्याच घरच्या लेकीचं बाळंतपण त्यांनी रात्रंदिवस उभं राहून काढलं. आमच्या पक्षातले बरेच जण आपण मनानं आधीच पुढारलेले आहोत असं समजायचे आणि घरी जसेच्या तसे राहायचे. ताई मागासलेल्याच आल्या होत्या, पण केलेल्या सहीमागे स्वतःला ओढत नेत होत्या. पुढे मिस कॉल देऊन सदस्य व्हायची सोय निघाली, तेव्हा त्या दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

माझा मोठा भाऊ अपघातात गेला तेव्हा वहिनी एकतीस वर्षांच्या होत्या, मुलगी पाच वर्षांची. तीन वर्षांनी वहिनींनी लग्न करायचं ठरवलं. मुलगा अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवणारा, भला माणूस, पण जात वेगळी. विवाह नोंदणीच्या कार्यालयात नोटीस लागली आणि कुणीतरी त्या नोटिशीचा फोटो काढून बाबांच्या मोबाइलवर पाठवला. बाबांनी वहिनींना घर सोडायला सांगितलं. विधवांच्या पुनर्विवाहावर आमच्या शाखेत सगळ्यात चांगलं भाषण बाबांचंच असायचं.

संध्याकाळी ताई आल्या. बाबा म्हणाले, "पक्षाचं पक्षात राहू द्या, ताई. घरात मी सासरा आहो." ताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मंग एक करा, भाऊसाहेब. एक तं लग्नाले या, नाई तं पक्षातून नाव कापा."

बाबांनी नाव कापलं. राजीनामा मीच पोचवला. त्यात एवढंच होतं: मला हे पटत नाही, इतकी वर्षं पटतं असं म्हणत आलो. कागद वाचून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुया बाप आज खरा बोलला," त्या म्हणाल्या. इतका जुना माणूस बाईनं घालवला म्हणून पक्षाच्या वरच्या मंडळींनी ताईंचं शाखेतलं पद काढून घेतलं. साध्या सदस्य म्हणून त्या राहिल्या.

नोंदणी लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक ताई स्वतः. दुसरे आमच्या समोर राहणारे मनोहरराव शिंपी. ते विरुद्ध पक्षातले, आणि त्यांचे पुढारी अशा लग्नांवर सभांमधून आग ओकायचे. "आमच्या पक्षात हे बसत नाई," मनोहरराव म्हणाले, "पण या पोरीचे हाल मी तीन वर्षं पाह्यले." तिसऱ्या सहीसाठी ताईंनी मला विचारलं. मी हो म्हणालो. मला ते लग्न मनापासून पटलं होतं, आजही पटतं.

लग्न अमरावतीच्या कार्यालयात होतं. त्या दिवशी मी अकोल्याच्या बसस्टँडवर गेलो. अमरावतीची बस लागली, भरली, निघून गेली. घरी बाबा न जेवता बसले होते. मी दुसरीही बस जाऊ दिली आणि घरी परतलो. तिसरी सही ताईंना घेऊन आलेल्या ऑटोवाल्यानं केली, असं नंतर कळलं. ताई मला त्यावरून एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढे बाबांच्या जागी शाखेचा अध्यक्ष मी झालो, आणि पुनर्विवाहावरची भाषणंही आता मीच करतो.

गेल्या हिवाळ्यात ताई अंथरुणाला खिळल्या. भेटायला गेलो तर मला ओळखून त्यांनी हात धरला. म्हणाल्या, "तुया बापाले पटलं नाई, तं त्यानं पक्ष सोडला. मनोहररावाले पटलं, तं तो पक्षाले न इचारता आला. तुले तं पटत होतं ना, बाबू? मंग तू काहून नाई आला?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. मी त्यांचं पांघरूण नीट करत बसलो. चौथ्या दिवशी ताई गेल्या.

शोकसभेत अध्यक्ष म्हणून पहिलं भाषण माझं होतं. मी ताईंच्या निष्ठेवर बोललो, त्यागावर बोललो, टाळ्यांची सभा नव्हती म्हणून बरं. खाली उतरलो तर दाराशी वहिनी उभ्या होत्या, अमरावतीहून आलेल्या. इतक्या वर्षांत आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. मी कसंबसं म्हणालो, वहिनी, त्या दिवशी मी भ्यालो होतो.

"माहीत आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण ताईंना नव्हतं माहीत. ऑफिसातले साहेब उरका म्हणत होते, आणि त्या प्रत्येक बसला रस्त्यावर जाऊन पाहत होत्या. तो येतेच, म्हणत होत्या."