वैद्यबुवांनी तपासून घेतलेले हेडफोन

आमच्या ह्यांना सगळी गल्ली वैद्यबुवा म्हणते. औषधाची गोळी नुसती दिसली तरी ह्यांचं तोंड कडू होतं, पण नाव पडलं ते पडलं. हे मिक्सर, पंखे, पंप दुरुस्त करतात. यंत्र चालू करायचं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या पोटाला लावायचं, मूठ आपल्या कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बेअरिंग गेलंय." सत्तावीस वर्षांत निदान चुकल्याचं मला आठवत नाही. मात्र स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला की ह्यांना निम्मं जग ऐकू येत नाही. यंत्रांच्या संगतीत कान कामातून गेलेत. त्यामुळे हे कुजबुजले तरी चार घरांना कळतं.

पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मी परीक्षेची पुस्तकं घेऊन बसायची. मी दवाखान्याच्या औषधभांडारात मदतनीस आहे. भांडारप्रमुखाच्या जागेसाठी दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटले. नवा प्रमुख आला की कुठलं औषध कुठल्या फळीवर ते मी शिकवायचं, आणि महिन्याभरात त्याने मलाच म्हणायचं, "मावशी, जरा हात चालवा." यंदा माझी वयाची मर्यादा संपत होती. ही शेवटची खेप. आणि पडद्यापलीकडे ग्राइंडर घरघरतोय, अलीकडे सासूबाईंचा टीव्ही भांडतोय!

"मला हेडफोन हवेत," एका संध्याकाळी मी जाहीर केलं. "बिनवायरचे. आमच्या एक्स-रेवालीकडे आहेत तसे. आजूबाजूची घरघर गिळून टाकतात."

"यंत्र आहे ना? मग मी निवडणार," हे म्हणाले. माझं नशीब इथेच फुटलं.

पंधरा दिवस नुसती चौकशी चालली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे विचारायचे, "तुमच्याकडे आहेत? गरम होतात का?" ज्यांच्याकडे नव्हते तेही सल्ला देऊन जायचे. मी शेवटी म्हटलं, "अहो, परीक्षा ह्या वर्षी आहे!" तेव्हा कुठे रविवारी निघालो. ह्यांच्या हातातली पिशवी जड दिसत होती. मी विचारलं नाही. तीच चूक झाली.

दुकानातली मुलगी बिचारी हसतमुख होती. तिने पहिला नग ह्यांच्या कानांवर चढवला. ह्यांनी डोळे मिटले. "वा! काय शांतता आहे!"

"काका, अजून चालू नाही केलेला," ती म्हणाली.

दुसरा, तिसरा, चौथा, सगळेच उत्तम निघाले. त्या कानांपुढे कोण नापास होणार! मग ह्यांनी पिशवीतून मिक्सर काढला. गिऱ्हाइकाचा, दाणदाण वाजणारा. "ताई, प्लग कुठे आहे?" ती काही बोलायच्या आत मिक्सर सुरू. एकेक हेडफोन मिक्सरला टेकवायचा, त्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानामागे, डोळे बंद. सगळं दुकान गोळा झालं. मी टीव्हींच्या रांगेमागे जाऊन, ह्या गृहस्थांना आपण ओळखत नाही, असा चेहरा करून उभी राहिले.

"सापडला!" तिथून हाक आली. "अगं ए, ये इकडे! ह्याची प्रकृती ठणठणीत आहे!"

गेले, काय करणार! त्या मुलीने तो नग चालू करून माझ्या कानांवर ठेवला, आणि खरं सांगते, तो राक्षस मिक्सर डासाएवढा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एका मिनिटात वाटलं, आता मला कोणी अडवू शकत नाही.

घरी आले, हातपाय धुतले, चहा टाकला आणि बाहेर आले तर वर्तमानपत्रावर हेडफोन पसरलेले. कानांवरच्या गाद्या एकीकडे, स्क्रू दुसरीकडे. आमच्याकडे न उघडलेलं यंत्र वापरात येत नाही. लग्नात आहेर आलेलं घड्याळ ह्यांनी मांडवातच उघडलं होतं.

"आत काय आहे ते न बघता कानाला लावायचं?" हे म्हणाले, आणि त्यांच्या हातातली केसासारखी बारीक वायर तुटली.

मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. उघडलेला माल दुकानदार परत घेईना. ह्यांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. भिंग डोळ्याला लावून जोडत बसले. तिसऱ्या दिवशी हेडफोन माझ्या हातात ठेवले. निळा दिवा लागत होता. "मी स्वतः घालून पाहिलेत. एकदम चिडीचूप!"

ह्यांना काय, कोबी कानाला बांधला तरी चिडीचूप! ह्यांनी ग्राइंडर सुरू केला, मी हेडफोन घातले. ग्राइंडर होता तसाच घरघरत होता. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. दोन बोटांना चटके बसून पट्ट्या बांधलेल्या.

"अगंबाई, काहीच ऐकू येत नाही!" मी म्हटलं.

"ऑं?" हे म्हणाले.

झालं! भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली. आधी निदान माझी लाज म्हणून मधूनमधून मशीन बंद करायचे. आता तिला काय त्रास, तिने यंत्र लावलंय, म्हणून सकाळपासून ग्राइंडर, दुपारी पंप. सासूबाईंनीही टीव्ही चढवला. परीक्षेला बारा दिवस, आणि मी रजा टाकून चार दिवस एकाच पानावर. चौथ्या दिवशी पुस्तक मिटलं. म्हटलं, पुरे. उद्या जाऊन सांगते, मी नाही बसत परीक्षेला.

तेवढ्यात शेजारचे शिंपी पंखा घेऊन दुकानात आले. मिक्सर थांबला. "वहिनी दिसत नाहीत?"

"आत आहे. अभ्यास करतेय," हे कुजबुजले, म्हणजे कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यालाही कळलं असणार. "बोला बिनधास्त. तिला काही ऐकू जात नाही."

"होतील का पास ह्या वेळी?"

"होणार म्हणजे काय? अख्खं भांडार तिच्या डोक्यात आहे. साहेब येतात नि जातात, चालवते ती. दोनदा नापास झाली ती माझ्या ह्या घरघरीने. दुसरी कोणी असती तर मिक्सर माझ्या टाळक्यात घातला असता." आणि वर, "तिच्यासमोर बोलू नका हं. डोक्यावर बसेल."

सत्तावीस वर्षांत ह्या माणसाने मला "बरं झालंय" एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले आणि पुस्तक उघडलं. पलीकडे मिक्सर पुन्हा सुरू झाला, मग ग्राइंडर, मग पंप. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

मी पास झाले. पहिल्या नंबराने नाही, पण झाले. आता नवा मदतनीस मला मॅडम म्हणतो. गल्लीत सगळं श्रेय हेडफोनला. "मी दुरुस्त केलेत," हे सांगत सुटलेत, आणि मी कधी नाही म्हटलेलं नाही. उलट रोज संध्याकाळी ते घालून पडद्याशी तासभर बसते. डोक्याला आराम पडतो, असं सांगते.

काल हे शिंप्यांना म्हणाले, "साहेबीण झाल्यापासून भाजीत मीठ जास्त पडतंय हिच्या. पण बोलणार कोण?"

आज मी मीठच घातलं नाही. हे मुकाट्याने जेवले, हात धुतला, आणि खुंटीवरच्या हेडफोनकडे बराच वेळ बघत खिशातला स्क्रू ड्रायव्हर चाचपला.